थांबामास्तर

मामा अंगणात पडला तेव्हा आई दोरीवर चादर वाळत घालत होती. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. आधी कुबडी फरशीवर आपटल्याचा आवाज आला, मग मामा आपटल्याचा. आईने चादरीवरून मान वर काढून बघितलं. नळाजवळ मामा कुशीवर पडला होता, भिंतीकडे तोंड करून. नुसती पाठ दिसत होती आणि तो निळा स्वेटर.

आता कुठल्याही घरात भाऊ पडला तर बहीण काय करेल? हातातलं टाकून धावेल. आई धावली नाही. तिने जागेवरून विचारलं, "हात हवा का रे?"

एकदाच विचारायचं, हा मामाचा नियम. मामा काही बोलला नाही. बोलला नाही म्हणजे नको, हापण मामाचाच नियम. म्हणून तिने चादरीला दोन चिमटे लावले आणि पायरीवर जाऊन बसली, दोन्ही तळवे मांडीखाली घालून. तळवे मांडीखाली दाबून धरले की माणूस पटकन उठत नाही, हात आपोआप पुढे जात नाहीत. आमच्याकडे सगळ्यांना असं बसायची सवय.

मामा पडणं काही नवीन नव्हतं. पाय गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत शंभरदा पडला असेल. पडला की आधी फरशीला एक शिवी, मग कुबडीला एक, मग हळूहळू कोपरावर उठायचा. आई शिवीची वाट बघत बसली. मनात आकडे मोजत होती. पन्नासपर्यंत मोजायचे असतात. पन्नास झाले. तिला वाटलं आज दमलाय, अजून वीस देऊ.

सत्तर झाले तेव्हा ती उठली.

पुढची सगळी धावपळच. समोरच्या शिंप्याने कुणाची तरी हातगाडी ओढून आणली, दवाखाना गाठला, आणि पाच मिनिटांत डॉक्टर बाहेर आला. माणूस चांगला होता. त्याने आईला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की हृदय जागच्या जागी बंद पडलं. पडले म्हणून गेले नाहीत ताई, गेले म्हणून पडले.

आई म्हणाली, "मी सत्तर आकडे मोजले. मोजले नसते तर?"

डॉक्टरला कळेना, कसले आकडे. त्याने पुन्हा तेच सांगितलं. आईने पुन्हा तेच विचारलं. शेवटी नर्सने येऊन पाण्याचा ग्लास हातात दिला.

मामाचं मूळचं काम सायकल दुरुस्तीचं. पुलाच्या तोंडाशी पत्र्याचं दुकान होतं. लढाईत नदीच्या दोन काठांवर दोन बाजू बसल्या, पूल उडवला, बाजार बंद झाला. आमचे बाबा पहिल्याच वर्षी गेले. मामाचं लग्न व्हायचं होतं ते राहिलंच. मग गोळीबार थांबला. थांबला म्हटल्यावर आठवड्याभरात मामा दुकानात गेला, हत्यारं शिल्लक आहेत का बघायला. चाक सरळ करायचं लोखंडी स्टँड होतं त्याचं, वस्तादाने दिलेलं, त्यात जीव अडकलेला. स्टँड सापडलं. ते खांद्यावर घेऊन मागच्या पायवाटेने येत होता आणि वाटेत कुणीतरी सुरुंग पेरून ठेवलेला. डावा पाय मांडीपासून गेला. उजव्याच्या घोट्यात छर्रे राहिले ते शेवटपर्यंत. थंडी पडली की म्हणायचा, माझ्या पायात घंटा वाजतेय.

आई मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले, तिनेच वाढवला. पाच वर्षांचा होईतो कडेवर, कारण हा पठ्ठ्या चालायला तयार नाही. आणि आता पस्तिसाव्या वर्षी पाठीवर. खाटेवरून संडासपर्यंत, संडासहून नळाखाली, नळाखालून परत खाटेवर. आंघोळ ती घालायची, केस ती विंचरायची, घासपण भरवायची. हात धडधाकट होते त्याचे, तरी भरवायची. पहिले काही महिने थट्टा चालायची दोघांची.

"एक पाय गेला तरी वजन तेवढंच कसं रे तुझं?"

"अक्का, जड भाग वरच होता. डोकं."

"डोकं असतं तर त्या वाटेने गेला असतास?"

मग थट्टा कमी झाली. मग बोलणं कमी झालं. शेवटी मामा नुसता आढ्याकडे बघत पडायचा, आणि आई उचलायला आली की अंग सैल सोडून द्यायचा. पोतं उचलावं तसा उचलला जायचा. आईला वाटायचं, बरं आहे, त्रास देत नाही.

मग एक दिवस दारात संस्थावाली आली. तेव्हा गावात दोन-तीन संस्था आल्या होत्या, कुणी ब्लँकेटं वाटायचं, कुणी फॉर्म भरून घ्यायचं. ही काही वाटत नव्हती. खांद्याला पिशवी, पिशवीत दोरी आणि मोजपट्टी. उजवा हात कोपरापासून नाही, बाही गाठ मारून ठेवलेली. ती अर्धा तास कोपऱ्यात बसून बघत राहिली. आईने मामाला नेलं, आणलं, पुसलं, भरवलं. आईला वाटलं आता ही कौतुक करेल.

ती म्हणाली, "अक्का, सुरुंगाने त्याचा एक पाय नेला. दुसरा तुम्ही नेताय."

आईने तिला हाकलून दिलं. असं तसं नाही, चप्पल गल्लीत भिरकावली तिची. दुसऱ्या दिवशी ती परत आली, त्याच चपला घालून. म्हणाली, "माझ्या एका हाताने मी कुणाला उचलू शकत नाही. म्हणूनच माझी माणसं चालायला लागतात. तुमचे दोन्ही हात आहेत, हीच पंचाईत आहे. बसा त्यांच्यावर."

आईला वाटलं थट्टा करतेय. पण तिने खरंच आईला पायरीवर बसवलं आणि तळवे मांडीखाली घालायला लावले. सात-आठ दिवस भिंतीला दोरी बांधून नुसतं खाटेवरून उठून उभं राहणं चाललं होतं. मग एक दिवस म्हणाली, आज संडासपर्यंत. चौदा पावलं. मामा नवव्या पावलाला कोसळला. आई ताडकन उठली. आणि खाली पडलेला मामा, जो दोन महिने धड बोलला नव्हता, तो ओरडला, "बस खाली!"

आयुष्यात पहिल्यांदा तो आईवर ओरडला. आई बसली. रडतही होती, हसतही होती. मामा सरपटत दोरीपर्यंत गेला, दोरीला धरून उठला, आणि पुढची पाच पावलं टाकून संडासात जाऊन आतून कडी लावून घेतली. आतून कडी! आई नंतर कितीतरी वर्षं हे सांगायची. चालला हे कमी सांगायची, कडी लावली हे जास्त.

त्या दिवसापासून मामाने आईकडे हात मागितला नाही. कधीच नाही.

दोरीच्या जागी त्याने सायकलचे पाइप लावले, खाटेपासून नळापर्यंत, कमरेच्या उंचीवर. कुबड्याही स्वतःच बनवल्या, फ्रेमच्या पाइपच्या, खाली टायरचं रबर. संस्थेने नकली पाय दिला होता, तो मापात बसेना. कोपऱ्यात भिंतीला टेकून असायचा, बूट घातलेला, पाहुणा आल्यासारखा. मग संस्थावालीने मामाला दोन आठवडे शिकायला नेलं आणि तो परत आला तो पिशवी घेऊनच. सकाळी दुकान, दुपारी घरं. आमची गल्ली, बाजाराच्या मागची वस्ती, वीटभट्टीकडची घरं. ज्याला लागलंय, भाजलंय, जो खाटेला खिळलाय, त्याच्याकडे मामा जाणार.

पहिले आठ दिवस तो त्या माणसाला हात लावायचाच नाही. घरच्यांनाच शिकवायचा. म्हणायचा, "त्याला चालवायला मी आलेलोच नाही. तुम्हाला थांबवायला आलोय." कुणाची आई धावली की थांबा, बायको धावली की थांबा, बाप वाकला की थांबा. पोरांनी नावच पाडलं, थांबामास्तर. गल्लीच्या तोंडाशी कुबड्या वाजल्या की पोरं आधीच ओरडायची, थांबाऽऽ! आणि आपण पुतळ्यासारखी उभी राहायची. मामाला हसू यायचं, पण दाखवायचा नाही.

एका म्हातारीला काही केल्या थांबवेना. तिचा नवरा खाटेच्या कडेला सरकला की ही धावलीच. तळवे मांडीखाली घातले तरी दोन मिनिटांत सुटायचे. मामाने तिच्या दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं दिलं. "आजी, यातलं थेंबभर सांडलं तर उद्यापासून मी येणार नाही." म्हातारी पातेलं धरून थरथरत बसली आणि तोंडाने मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. तोवर म्हातारा स्वतः उठून बसला. बसला आणि बायकोला म्हणाला, "अगं, ते पाणी दे इकडे, तहान लागलीय."

चाकाचं उदाहरण द्यायचा नेहमी. वाकडं चाक सरळ करताना स्पोक एकदम आवळायचा नाही. पाव वळसा द्यायचा, चाक फिरवायचं, बघायचं. पुन्हा पाव वळसा. घाई केली की चाकाची आठ होते, आठच्या आकड्यासारखं पिळवटतं. माणसाचंही तसंच.

कालव्यापलीकडे एक होता, दोन्ही पाय गेलेला. लढाईत दुसऱ्या बाजूने लढलेला. मामा त्याला कॅप्टन म्हणायचा, होता साधा शिपाई. मामा तिकडे जायला लागला तेव्हा गल्लीत कुजबूज झाली. शिंपी तर तोंडावर बोलला, "ज्यांनी पाय घेतला त्यांनाच चालायला शिकवतोस?" मामा म्हणाला, "त्याला पायच नाहीत. चालायला कुठून शिकवू? खाटेवरून खुर्चीत बसायला शिकवतोय." पुढे त्या दोघांची अशी गट्टी जमली की विचारू नका.

"मास्तर, तुझा पाय बहुतेक मीच उडवला असेल."

"तुझं नशीब बघ, मी काहीच उडवलं नाही तरी तुझे दोन गेले."

आणि दोघं खो खो हसायचे. आईला ते हसणं आवडायचं नाही. पण कॅप्टन चाकाची खुर्ची ढकलत एकटा कालव्याचा पूल ओलांडून आमच्या दारापर्यंत यायला लागला, तेव्हा त्याला आधी पाणी आईनेच दिलं.

आता आईचं सांगायला पाहिजे. गावभर लोक म्हणायचे, अक्का नशीबवान, भाऊ पायावर उभा राहिला. ती पण हो म्हणायची. पण तिला आतून काय हवं होतं ते मामा सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि बहुतेक मामालाही माहीत होतं. एकदा, फक्त एकदा, त्याने म्हणावं, अक्का, हात दे. त्यासाठी ती काय काय करायची! डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवायची. मामा कुबडीच्या टोकाने ओढून घ्यायचा. स्वेटर उलटा वाळत घालायची, घालताना अडकेल म्हणून. हा उलटाच घालून फिरायचा. एकदा जेवताना तिने सरळच म्हटलं,

"माग ना रे कधीतरी काहीतरी."

"काय मागू?"

"काहीही."

मामाने विचार केला. "बरं, मीठ दे."

दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.

आणि नको म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. ती विचारायची हात हवा का, मामा म्हणायचा नको, की झालं, ती तशीच उभी राहायची, हातातलं काम विसरून. मग मामाने नको म्हणणं बंद केलं. नुसता गप्प राहायचा आणि आपला उठायचा. त्यातूनच तो नियम झाला. बोललो नाही म्हणजे नको. घरात झाला आणि मग तोच नियम तो दुसऱ्यांच्या घरी पण शिकवायला लागला.

तर मामा गेला. माणसं भेटायला यायला लागली. एवढी माणसं मामाची आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कुबडीवाले, काठीवाले, भिंतीला धरून येणारे. आणि आई प्रत्येकाला दारातच कोपराला पकडायची. घट्ट. खुर्चीपर्यंत नेऊन बसवायची, उठताना उचलायची. आणि प्रत्येकाला तेच सांगायची. मी सत्तर मोजले. चादरीला चिमटे लावले मी. तो पडलेला आणि मी चिमटे लावत होते.

लोक काय बोलणार? "असं नका म्हणू अक्का" म्हणायचे आणि घरी जायचे. पण घरी जाऊन तेच सांगायचे. थांबामास्तर कसा गेला माहितेय का? त्याची सख्खी बहीण थांबली म्हणून गेला. आणि ती स्वतः सांगते.

महिन्याभराने संस्थावाली आली. केस पार पांढरे झालेत तिचे आता. ती आईजवळ बसली. मग ती म्हणाली, "अक्का, वीटभट्टीकडे जाऊन आले. तिथली तीन घरं पुन्हा उचलायला लागलीत. इथला शिंपीसुद्धा."

शिंप्याची मुलगी एकोणीस वर्षांची. बाजारात लढाईतला पुरून राहिलेला बॉम्बगोळा फुटला तेव्हा कमरेत लोखंड घुसलं, आणि दोन वर्षं पोरीने आढ्याशिवाय काही बघितलं नाही. मामा तिच्याकडे चार महिने जात होता. खाटेपासून शिलाई मशीनपर्यंत सात पावलं यायला लागली होती. पुढचं ठरलं होतं दारापर्यंत. दाराबाहेर जाऊन गल्ली बघायची, एवढंच त्या पोरीचं म्हणणं होतं.

आई म्हणाली, "मग मी काय करू? खोटं सांगू का मी नाही थांबले म्हणून?"

"एक विचारू? तो काही बोलला नाही, तरी तुम्ही बसून राहिलात?"

"बोलला नाही म्हणजे नको. तुमचाच नियम ना."

संस्थावालीने मान हलवली. "मी असं कधीच शिकवलं नाही. मी शिकवलं होतं, उत्तर आलं नाही तर जाऊन बघायचं. लगेच."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्याला मला नको म्हणायला जिवावर यायचं."

जाताना संस्थावालीने आपल्या एका हाताने आईचे दोन्ही हात धरले, आणि आईच्या लक्षात आलं, ही बाई अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्याला धरतेय.

त्याच आठवड्यात कॅप्टन आला. एकटा नाही. मागे त्याचा भाऊ खुर्ची ढकलत होता.

"अक्का, याला जरा सांगा. सोडतच नाही खुर्ची. स्वयंपाकघरात गेलो तरी मागे. म्हणतो, मास्तरचं ऐकून मास्तर गेला, तू पण जाशील."

आई म्हणाली, "धरू दे. धरलेलं बरं असतं."

कॅप्टनने विषय बदलला. बाकी थोडं इकडचं तिकडचं झालं. मामा त्याला कसं चिडवायचा, त्याने मामाच्या कुबडीला एकदा शाई कशी फासली होती. मग म्हणाला, "दोन्ही बाजूंना मिळून मला हक्काने शिव्या देणारा एकच माणूस होता अक्का." आणि निघाला. दाराचा उंबरठा उंच आहे आमचा. कॅप्टन तिथे नेहमी खुर्ची उलटी करायचा, मागचं चाक आधी, आणि एक हिसका देऊन उतरायचा, मामाने शिकवलेला. त्याने खुर्ची वळवायला चाकांना हात घातला, तेवढ्यात भावाने खुर्चीसकट त्याला उचललं. उचलला आणि गल्लीत नेऊन ठेवला. कॅप्टनने हात मांडीवर ठेवून दिले. अंग सैल सोडलं.

आईने ते बघितलं. मग तिने मागे वळून आत खाटेकडे बघितलं, जिथे पहिल्या वर्षी मामा असायचा.

चप्पल घातली आणि समोर शिंप्याकडे गेली.

शिंपी कापड कापत होता. पोरगी खाटेवर, भिंतीला टेकून. महिन्यात मशीनला हात लावलेला दिसत नव्हता, वर कापडाचा ढीग होता.

आई शिंप्याला म्हणाली, "बस."

"बसू कुठे?"

"खाली. तळवे मांडीखाली घे."

शिंप्याची कात्री थांबली. "अक्का, तुम्ही सांगताय? तुम्हीच? मी होतो ना त्या दिवशी, हातगाडी मीच आणली. मी नाही बाबा थांबणार. मला एकच पोरगी आहे."

"मलापण एकच भाऊ होता. बस."

शिंपी बसला. का बसला त्यालाच ठाऊक. आई त्याच्या शेजारी बसली. मग पोरीकडे बघून म्हणाली, "एक बदल आहे. मी विचारलं की तोंडाने बोलायचं. हो किंवा नको. गप्प राहिलीस तर मी उठून येणार, तुझ्या मास्तरांचा नियम गेला खड्ड्यात."

पोरगी म्हणाली, "नको म्हटलं तर चालेल?"

"चालेल."

"रागावणार नाही?"

आईने स्वतःचे तळवे मांडीखाली सरकवले. "रागावेन. पण बसून राहीन."

पोरीने कुबडी ओढली. उठताना तिचा पाय थरथरत होता, महिन्याचं अंग आखडलेलं. एक पाऊल टाकलं.

"हात हवा का?"

"नको."

दुसरं टाकलं.

"हात हवा का गं?"

"नको, मावशी."

तिसऱ्या पावलाला आईने पुन्हा विचारलं. पोरगी थांबली. "मावशी, तुम्ही किती वेळा विचारणार? माझी पावलं चुकतायत. आणि असं बघू नका."

शिंपी म्हणाला, "मास्तर एकदाच विचारायचा."

"तू गप्प बस," आई म्हणाली. पण तिलाही कळलं की तिच्याच्याने बघवत नाहीये. हात मांडीखाली ठणकत होते. ती उठली, बाहेर गेली आणि शिंप्याच्या दाराच्या पायरीवर बसली, गल्लीकडे तोंड करून. आतलं काही दिसत नव्हतं. फक्त कुबडीचा आवाज. टक. मग पाय घासल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. आईने आकडे मोजायला घेतले आणि बाराला सोडून दिले. आकड्यांवर विश्वासच उरला नव्हता तिचा.

आत काहीतरी पडलं. काय पडलं कळलं नाही. शिंपी म्हणाला, "अगं!"

आई वळली नाही. गल्लीकडे बघत मोठ्याने विचारलं, "हात हवा का?"

"नको म्हटलं ना!" आतून पोरगी ओरडली. चिडून, दम लागलेला. "कात्री पडली बाबांची. मी नाही पडले."

ते 'नको' ऐकून आईला इतकं बरं वाटलं की तिला रडूच आलं. समोर आमच्या घराचं दार उघडं होतं, अंगणातली दोरी दिसत होती, त्यावर काही वाळत नव्हतं. ती तिकडे बघत राहिली. मामाने असंच ओरडून एकदा तरी नको म्हणायला हवं होतं. चेहरा पडला असता तर पडला असता. चेहऱ्याचं काय एवढं.

कुबडी पुन्हा वाजली. टक, घस्स. टक, घस्स. जवळ जवळ येत होती. मग अगदी मागे येऊन थांबली. आईच्या पाठीवर सावली पडली. आईला वाटलं आता ही म्हणेल, मावशी, हात द्या. तिने हात सोडवून तयार ठेवले.

"मावशी," पोरगी वरून म्हणाली.

"बोल."

"जरा सरका ना. वाटेत बसलाय."

आई सरकली.